गेणबाच्या भात्याची सुधारणा

दयानंद रिसबुडांनी उभ्या आयुष्यात कुठलीही वस्तू आहे तशी राहू दिली नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे जे झालं त्याबद्दल गेणबा लोहाराला उगाच कोणी बोल लावायला नको. पिरंगुटला एका पंपाच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी सुधारणा खात्यात काढली आणि तिथली सवय घरी आणली. त्यांनी सुधारलेला न्हाणीघरातला नळ उघडायला दोन हात लागत आणि बंद करायला प्लंबर. स्कूटरचा सायलेन्सर सुधारल्यापासून ते घरी येताहेत हे कुंदाला, म्हणजे त्यांच्या बायकोला, ते नांद्याच्या वळणावर असतानाच कळायचं आणि ती आमटी गरम करायला ठेवायची. ती एवढंच म्हणे, "अहो, चालतंय ना? मग असू दे की." दोन वर्षांपूर्वी ती गेली, आणि असू दे म्हणणारं घरात कोणी उरलं नाही.

चांद्याला सोसायटीत सातव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. खाली-वर राहणारी सगळी हिंजवडीची मुलंमुली. लिफ्टमध्ये भेटली की कानातलं न काढता मान हलवायची. जेवणाचा डबा दाराला अडकवलेला असायचा, त्यामुळे डबेवाल्याशीही बोलणं नाही. दिवसभरात रिसबुडांच्या तोंडून काय बाहेर पडलं याचा हिशेब केला असता, तर कुरिअरवाल्याला सांगितलेले ओटीपीचे चार आकडे, एवढीच बेरीज झाली असती. कधीकधी पार्सलही यायचं नाही.

अशात एका सकाळी ओट्याखालचं सामान काढताना कुंदाची विळी हाताला लागली. पातं खुळखुळं झालेलं, धार गेलेली, पाट बसून बसून मधोमध खोलगट झालेला. रिसबुडांना विळीवर बसता येत नव्हतं, डबा खाणाऱ्याला चिरायचंही काही नव्हतं. पण ती तशी खुळखुळी बघवेना. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, विळीला धार कुठे लावून मिळेल. अकरा उत्तरं आली. चौघांनी भाजी कापायच्या यंत्रांची जाहिरात पाठवली, तिघांनी विळी म्हणजे काय असं विचारलं, एकाने नारळाचा फोटो टाकला, दोघांनी नुसताच अंगठा दाखवला, आणि सौरभ नावाच्या तरुण सेक्रेटरीने अत्यंत अदबीने लिहिलं की काका, हा ग्रुप फक्त मेंटेनन्सच्या तक्रारींसाठी आहे. रविवारी साडेदहाला बंगळुरूहून ऋतिकाचा, म्हणजे लेकीचा, फोन आला. तिने काळजीच्या सुरात सांगितलं की बाबा, ती टाकून द्या, बोट कापून घ्याल. सगळ्या जगाचं असं एकमत झालेलं पाहून रिसबुडांनी विळी कापडी पिशवीत घातली आणि स्कूटरला लाथ मारली.

घोटावडे फाट्याच्या पुढे, पौडच्या रस्त्याला, चिंचेखाली गेणबाची पत्र्याची शेड. गेणबा पासष्टीचा, एका बाजूची मिशी कायम होरपळलेली. बायको गोजराबाई हातात घण घेऊन उभी. गेणबा सांडशीत लाल लोखंड धरायचा, लहान हातोडीने टिचकी मारून जागा दाखवायचा, आणि बरोबर तिथेच गोजराबाईचा घण पडायचा. दोघं तोंडाने अवाक्षर बोलत नसत. चाळीस वर्षांच्या संसारात जे काही बोलायचं ते त्या टिचकीतच उरकत असावं. रिसबूड हे बघत उभे राहिले, आणि त्यांना एकदम पोरकं वाटलं.

या शेडची एक रीत होती. विस्तवाला वारा द्यायला गेणबाने नोकर ठेवला नव्हता. जो काम घेऊन येईल त्याने आपलं काम होईपर्यंत भाता फिरवायचा. भाता म्हणजे आता जुना कातडी नव्हे, दांड्याने फिरवायचं एक लोखंडी चाक, त्यावरून पट्टा, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला वारा फेकणारा पंखा. सरपंच येवो की जन्मात कष्टाला हात न लावलेला माणूस, चाकाशी बसावं लागायचंच. गेणबाने विळी पाहिली, रिसबुडांची इस्त्रीची पँट पाहिली, आणि म्हणाला, "बसा. फिरवा."

दोन वर्षांत त्यांना काही कर म्हणून सांगणारा हा पहिला माणूस. रिसबूड बसले आणि पाऊण तास चाक फिरवत राहिले. शेजारी हैबतराव होते. एके काळचे बागायतदार. आता त्यांच्या रानात तीन टॉवर उभे होते आणि कापायला गवताची काडी उरली नव्हती, तरी ते दर दोन दिवसांनी एक विळा शेवटायला, म्हणजे धार ठोकून घ्यायला, आणत. विळा तोच. पलीकडे वरच्या वाडीचा कान्हू, कोयता घेऊन आलेला. बोलायचा कमी, पण दुसऱ्याचं चाकही तोच फिरवून द्यायचा. हैबतरावांनी रिसबुडांना आपल्या रानाची समग्र कहाणी ऐकवली, वाटण्यांसकट. गोजराबाईने गुळाचा चहा दिला आणि देता देता विळी कोणाची, घरी कोण असतं, ते काढून घेतलं. त्या दिवशी घरी येऊन रिसबुडांनी डबा पुसून खाल्ला आणि दुपारी घोरत झोपले.

आता विळी दुरुस्त झाली म्हटल्यावर खरं तर विषय संपला. पण चौथ्या दिवशी रिसबुडांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, घरात दुसरं कोणी नसताना, आणि विळीचं पातं ओट्याच्या कडप्प्यावर खसाखसा घासलं. असलं पाप त्यांनी कारखान्यातही केलं नव्हतं. मग गंभीर चेहऱ्याने ते गेणबाला म्हणाले की पाणी नीट बसलेलं दिसत नाही. पाणी देणं म्हणजे तापलेलं पातं बुडवून कडक करणं. लोहाराच्या सगळ्या अब्रूचा प्रश्न. गेणबाने पातं उन्हात धरून बराच वेळ पाहिलं, गोजराबाईला दाखवलं, आणि "बघू" एवढंच म्हणाला. हे तीनदा झालं. तिसऱ्यांदा त्याने विळी खांबाच्या खिळ्यालाच अडकवून ठेवली, सवडीनं करू म्हणाला. रिसबुडांना हायसं वाटलं, कारण विळी तिथे असेपर्यंत चौकशीला जाणं भागच होतं.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. माणसाने इथे थांबायला हवं. पण एका दुपारी हैबतराव चाक फिरवता फिरवता कण्हले, "सायेब, हात गळून पडायची येळ आली. तुमी येवढं इंजनेर, कायतरी करा की." आता हैबतराव हे वाक्य निदान वीस वर्षं म्हणत होते, साहेबाच्या जागी कधी तलाठी असायचा, कधी मास्तर. शेडमध्ये गाऱ्हाणं हे गप्पांना तोंड लागावं म्हणून असतं. रिसबुडांच्या खात्यात मात्र गाऱ्हाण्याला क्रमांक देत. त्यांनी त्याच संध्याकाळी वही काढली.

पहिली सुधारणा बेअरिंगची. करकरणारं बुश काढून त्यांनी असं सुरेख बेअरिंग बसवलं की चाकाला बोट लावलं तरी ते गरगरायचं. हैबतराव सवयीने जोर लावून बसले आणि पहिल्याच फेऱ्यात अख्खी राख त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. दुसरी सुधारणा धुराड्याची. सोसायटीच्या भंगारात कोणीतरी स्वयंपाकघरातली काचेची चिमणी टाकली होती; ती त्यांनी भट्टीवर टांगली. मुळशीच्या डोंगरावरून उतरणारं वारं त्या चिमणीतून उलटं आत शिरायचं, त्यामुळे पूर्वी इकडेतिकडे जाणारा धूर आता नेमका गेणबाच्या तोंडावर यायला लागला. गेणबा डोळे पुसत "लई भारी" म्हणाला. रिसबूड कौतुकाला आचवलेले होते, ते खरंच धरून बसले. आणि मग त्यांनी विजेच्या ब्लोअरला हात घातला.

चाचणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाली. फुटकी कुंडी, तीन किलो कोळसा, जुन्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर. मोटर सुरू होताच कुंडीतून जी ज्वाळा निघाली तिने वरच्या नळावरचा रंग नेला आणि धुराने पहिल्या तीन मजल्यांवरच्या वाळत घातलेल्या कपड्यांची वाट लावली. ग्रुपवर दहा मिनिटांत एकशे चाळीस संदेश. वॉचमनने त्यांना, त्यांच्याच इमारतीत, वहीत नाव आणि येण्याचं कारण लिहायला लावलं. सौरभ हाफ पँटमध्ये धावत खाली आला आणि कुंडीकडे बघत विचारता झाला, "काका, घरी सगळं ठीक आहे ना?" हा प्रश्न रिसबुडांच्या फार जिव्हारी लागला. सगळं ठीक नव्हतं, पण ते पार्किंगमध्ये कोळशाच्या साक्षीने सांगण्यासारखं नव्हतं. "चाचणी यशस्वी झाली," एवढंच ते ताठ मानेने म्हणाले.

नंतर शेडला वीज. अर्जात व्यवसायाचा प्रकार निवडायचा होता आणि त्या यादीत लोहार नव्हता. पिठाची गिरणी होती, केस कापायचं दुकान होतं, रसवंती होती. कचेरीतल्या बाईंनी सुचवलं की रसवंती टाका, चाक तर दोन्हीकडे असतंच. रिसबुडांनी तत्त्वासाठी चार खेपा घातल्या आणि शेवटी 'इतर' या रकान्यावर तडजोड झाली. मग पाहणीला एक साहेब आले. त्यांच्या फॉर्मवर प्रश्न होता, की सदर जागेत आग लागण्याची शक्यता आहे काय. गेणबाने प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाला, "न्हाई लागली तर धंदा कसा व्हायचा?" त्या एका उत्तरामुळे मीटर अडीच आठवडे लांबला.

उद्घाटनाला नारळ फुटला. बटण दाबायचा मान हैबतरावांचा. भट्टी अशी काही फुलली की कान्हूच्या कोयत्याचं टोक विस्तवातच तडतडून जळून गेलं आणि कोयता वितभर आखूड झाला. कान्हूने तो फिरवून पाहिला आणि "आता पोरीला व्हईल" म्हणून कंबरेला लावला. रिसबुडांनी दुसऱ्या दिवशी पंख्याचा रेग्युलेटर जोडला, आणि मग मात्र ब्लोअर अगदी हवा तसा चालला. चौतीस वर्षांत इतकं बिनचूक काम त्यांच्या हातून झालं नव्हतं. अर्धा कोळसा, अर्धा वेळ, आणि चाकाशी बसायला माणूस नको.

तिथेच घोळ झाला. रिसबूड पुढच्या वेळी गेले, तर शेडमध्ये नवरा-बायको दोघंच. ब्लोअर घुंऽऽ करतोय, विळे-खुरपी एका कोपऱ्यात चिठ्ठ्या बांधून पडलीत, बाकी शुकशुकाट. बाकी सगळे कुठे गेले विचारलं, तर गेणबा विस्तवात बघत म्हणाला, "टाकून जात्यात आता. बसायचं कारन न्हाई ऱ्हायलं." रिसबुडांना प्लास्टिकची खुर्ची मिळाली. कामाला हात नाही, ऐकायला हैबतराव नाहीत; ब्लोअरच्या आवाजात बोलणंही ऐकू येईना. अर्ध्या तासाने ते उठले.

असा महिना गेला. रोज स्कूटरवरून जायचं, रोज तोच शुकशुकाट. रिसबूड घरी येऊन गॅलरीत बसत आणि विचार करत. कारखान्यात त्यांनी अशाच सुधारणा करून अकरा माणसांची कामं कमी केली होती आणि त्याबद्दल त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. ते अकराजण नंतर कुठे जाऊन बसले असतील हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. आता बारावा कोण ते कळत होतं. स्वतःला बसायला जगात एकच जागा मिळाली होती आणि ती आपणच सुधारून घालवली, या विचाराने ते गॅलरीतून उठून आत जात आणि पुन्हा बाहेर येऊन बसत. काढून टाका म्हणावं तर नाक कापलं जाणार, शिवाय काम निम्म्या वेळात उरकतं हे गोजराबाईचं सुख हिरावणार. "बरं चाललंय ना?" असं ते रोज विचारत, आणि "झ्याक" असं गेणबा रोज सांगत असे.

एका मंगळवारी स्कूटर सुरू होईना. रिसबूड बसने निघाले, फाट्याला बस बदलली आणि शेडच्या पुढच्या थांब्यावर उतरून मागच्या बांधावरून चालत आले. चिंचेच्या आडून त्यांना आधी हसणं ऐकू आलं. मग दिसलं. शेड माणसांनी भरलेली होती. हैबतराव चाक फिरवत होते आणि वाटण्यांच्या कहाणीत बरेच पुढे पोचले होते. कान्हू आखूड कोयता मांडीवर घेऊन बसला होता, खुरपी घेऊन आलेल्या तीन बाया पाय पसरून ऐकत होत्या. ब्लोअरवर पोतं टाकलेलं आणि पोत्यावर चहाचं पातेलं. मधूनच हैबतराव रस्त्याकडे कान लावून म्हणाले, "आज फटफटी अजून वाजली न्हाई." कान्हू म्हणाला, यील, फाट्यावरनंच कळतंय की.

रिसबुडांना सगळा उलगडा झाला. त्यांचा सायलेन्सर ऐकू आला की ही मंडळी मागच्या बांधाने पसार होत होती, पोतं निघत होतं, बटण दाबलं जात होतं. महिनाभर. कानशिलं तापली. लहानपणी खेळायला गेल्यावर पोरं लपून बसायची, तसं काहीतरी त्यांना वाटलं. परत फिरावं, बस धरावी, पुन्हा या रस्त्याला यायचं नाही, असं म्हणून त्यांनी पाऊल मागे घेतलं. तेवढ्यात हैबतराव बोलले, की हे किती दिस चालवायचं, त्या मानसाला एकदा सांगून का टाकत न्हाई. घण खाली टेकून गोजराबाई म्हणाली,

"एकलं मानूस हाय ते. जीव लावून केलंय त्यानं. आपल्याला हवं न्हाई म्हनलं तर उद्यापासनं यील का ते हितं?"

रिसबूड चिंचेला टेकून उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, तरी दिसेना. मग ते खाकरले.

त्यानंतर अर्ध्या मिनिटात जे झालं त्याला फक्त घाई म्हणता येईल. बाया खुरपी घेऊन उठल्या, हैबतराव बांधावरून उडी मारायला गेले आणि धोतराने अडकून बांधावरच बसले, कोणी पातेलं उचललं, आणि कान्हूने पोतं पुरतं निघायच्या आत बटण दाबलं. ब्लोअरने पोतं आत ओढलं, पाठोपाठ हैबतरावांचा टॉवेल ओढला, घरघरला, एक निळा धूर सोडला आणि थांबला. सगळे मयताला आल्यासारखे भोवती उभे राहिले. रिसबुडांनी गुडघे टेकून झाकण उघडलं, वास घेतला. वाइंडिंग जळालं होतं. त्यांनी तसं सांगितलं.

"दुरुस्त व्हईल न्हवं, सायेब?" गेणबाने विचारलं. त्याच्या आवाजात काळजी होती, आणि ती ब्लोअरची नव्हती.

होण्यासारखं होतं. दोन तासांचं काम. रिसबुडांनी त्या जळक्या मोटरकडे पाहिलं, मग बांधावर बसलेल्या हैबतरावांकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ते शब्द निघाले.

"असू दे," ते म्हणाले. "नंबर कोणाचा आहे आता?"

कोणाचा का असेना, ते चाकाशी बसले आणि फिरवायला लागले. राख आधी हैबतरावांवर उडाली, मग सगळ्यांवर. हैबतरावांनी टॉवेलाबद्दल शोक व्यक्त करून कहाणी मागच्या पानावरून पुढे सुरू केली. चहा परत तापवला गेला. उन्हं कलली तेव्हा रिसबूड बससाठी उठले, आणि गोजराबाईने खांबावरची विळी काढून त्यांच्यापुढे धरली. पात्याला ताजी धार होती, पाटाचा खिळा घट्ट होता. रिसबूड सवयीने म्हणायला गेले, की पाणी जरा.

"पानी बेस हाय," ती म्हणाली. "पयल्या दिवसापासनं बेस हाय. कडप्प्यावर घासल्याली धार मला कळत न्हाई व्हय? इळी घरी ठिवा आता, बाईंची वस्तू हाय. आन् उद्या मोकळ्या हातानं या."

दुसऱ्या दिवशी मोकळ्या हाताने निघायचं, तर रिसबुडांना घरातून पाय काढणं जड गेलं. पिशवी घ्यावी का, छत्री तरी घ्यावी का, निदान पाना, असं करत ते दारात तीनदा मागे फिरले. लिफ्टमध्ये सौरभ भेटला. त्याने कानातलं काढून विचारलं, काका, काय काम काढलंत. रिसबूड म्हणाले, काहीच नाही. बस उशिरा आली. ते शेडमध्ये शिरले तेव्हा सगळी जागा भरलेली होती, ब्लोअरवर पातेलं होतं, आणि चाक हैबतरावांच्या हातात होतं.

"लई येळ लावला, सायेब," हैबतराव म्हणाले, आणि दांडा धोतराच्या सोग्याने पुसून त्यांनी बाजूला सरकून जागा करून दिली.